जळगावचं गाणं, असोद्याचं भरीत, सारंगखेड्याचा तमाशा

खान्देशातलं हे तिन्ही एकाच सहलीत गाठायचा बेत दरवर्षी जमत नाही. जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव जानेवारीच्या सुरुवातीला, शनिवार-रविवारला धरून तीन दिवस असतो. सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा मात्र तिथीवर चालते. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला सुरू होते आणि पुढे दोनेक आठवडे रेंगाळते. २०२५ साली दत्तजयंती ४ डिसेंबरलाच होती. अशा वर्षी जानेवारी उजाडेपर्यंत यात्रेतली पालं उठून गेलेली असतात. २०२३ सारखी ती २६ डिसेंबरला आली, की शुक्रवार-शनिवार नाट्यगृहात आणि रविवार तमाशाच्या तंबूत असा योग साधता येतो. म्हणून आधी पंचांग बघायचं आणि मगच सुट्टीचा अर्ज टाकायचा.

आम्ही चौघं होतो: भुसावळकर, धुळेकर, गाडी चालवणारी नाशिककरीण आणि हे लिहिणारा. यंदाचा घोर होता भुसावळकराचा. तो या महोत्सवाला जोडीनं यायचा. पावसाळ्यात ते नातं संपलं. कारणं त्याची त्याच्यापाशी, आम्ही विचारली नाहीत. "मी येत नाही, तुम्ही जाऊन या," असं त्यानं दोनदा कळवलं. तेव्हा धुळेकरानं फोन करून एवढंच सांगितलं, "घरी बसून मोबाइलवर तीच गाणी ऐकशील. त्यापेक्षा चल, दुसऱ्या कोणाचं तरी ऐक."

धुळेकर हे सहज बोलून गेला, पण त्यात बरंच तथ्य आहे. ध्वनिमुद्रित गाणं दर वेळी तसंच्या तसं वाजतं. तीच तान, तीच सम, आणि ते पहिल्यांदा जिच्यासोबत ऐकलं तीही. बैठकीत गवई तीच चीज रोज वेगळ्या वाटेनं नेतो, त्यामुळे जुन्या आठवणीला पाय रोवायला जागा कमी मिळते. कमी मिळते, मिळतच नाही असं नव्हे.

म्हणून गाडीपुरता एकच नियम केला. कोणाचाही मोबाइल स्पीकरला जोडायचा नाही. गाण्यांच्या ॲपवर त्या दोघांची सामायिक यादी अजून तशीच होती आणि ॲपला कुठं काय वाजवू नये हे कळत नाही. गाणं हवंच असेल तर आकाशवाणी जळगाव.

शुक्रवार: जळगाव

भुसावळ ते जळगाव अंतर पंचवीसेक किलोमीटर. त्याला घरून उचललं आणि दिवेलागणीच्या आत महाबळ रस्त्यावरच्या छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात पोचलो. हा महोत्सव स्वर्गीय वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान भरवतं. बालगंधर्वांचं नाव इथं उगाच लावलेलं नाही. नारायण श्रीपाद राजहंस यांच्या लहानपणाचा काही काळ जळगावात गेला आणि गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी इथंच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. जळगावचे जुने श्रोते हे अशा थाटात सांगतात की जणू शिकवणीची फी त्यांच्याच आजोबांनी भरली होती.

जागा कुठली धरावी? पहिली रांग मानाची, पण ऐकायला वाईट. मोठे स्पीकर रंगमंचाच्या दोन कडांना असतात आणि त्यांचा आवाज पुढच्या दोन-तीन रांगांच्या डोक्यावरून जातो. तिथं कानावर पडतो तो तबल्याचा थेट आवाज आणि कलाकारांसाठी ठेवलेल्या मॉनिटरचा मागचा गोंगाट. बाल्कनीखालची जागाही टाळावी, डग्गा घुमतो आणि शब्द गढूळ होतात. पाचवी ते आठवी रांग, मध्याच्या जवळ, ही उत्तम. सोबत असा मित्र असेल तर मात्र मध्याचा मोह सोडून त्याच रांगेतल्या वाटेकडच्या खुर्च्या धरा. त्याला उठून जावंसं वाटलं तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागू नयेत. उठायचं ते दोन चिजांच्या मध्ये. आलाप चालू असताना उठलात तर जळगावकर बघतात, आणि बराच वेळ बघतात.

शालीला पर्याय नाही. जानेवारीत इथला पारा रात्री दहा अंशांच्या खाली सहज उतरतो आणि दुपारी त्याच गावात अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो. नाट्यगृहात गर्दीमुळे ऊब असते. पण मध्यंतरात चहाला बाहेर पडलं की अंगावर काटा येतो.

ही थंडी वाद्यांनाही सोडत नाही. पहिल्या अर्ध्या तासात कलाकार सारखे सूर जुळवायला का लागतात, यावर मागच्या रांगेत कुजबुज चालू होती. कारण सोपं आहे. थंड हवेतून आणलेला तानपुरा दिव्यांच्या झोतात आला की तारा तापतात, किंचित लांबतात आणि सूर उतरतो. त्याच झोतात तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, वाळून ताणली जाते आणि तिचा सूर चढतो. म्हणजे एकाच षड्जाला धरून बसलेली दोन वाद्यं एकमेकांपासून उलट दिशेनं सरकत असतात. तबलजी हातोडीनं गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणीवर, खालून ठोकून सूर उतरवतो आणि तानपुरेवाली मण्यांनी तारा बारीक बारीक चढवते. दिव्यांची सवय झाली की दोघंही स्थिरावतात. म्हणून जाणते कलाकार पडदा उघडायच्या बऱ्याच आधी वाद्यं रंगमंचावर आणून ठेवतात आणि दिवे चालू करायला लावतात. परवाच्या तानपुरेवालीनं तेच केलं होतं, तरी विलंबित ख्यालात दोनदा हात खाली गेला.

पहिलं सत्र गायनाचं होतं, चांगलं झालं. मध्यंतरात चहाच्या रांगेत एक काकू भेटल्या. नात्यातल्या नव्हेत, महोत्सवातल्या. दरवर्षी त्याच बाजूला बसतात आणि पर्समधल्या स्टीलच्या डबीत मेथीचे लाडू आणतात. भुसावळकराला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, आलास? आणि ती कुठे?"

"यंदा नाही आली, काकू."

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पुढं काही विचारलं नाही. डबी उघडली, दोन लाडू काढले आणि दोन्ही त्याच्याच हातावर ठेवले. "मग तिचाही तूच खा. थंडी आहे." एवढं बोलून त्या आत गेल्या.

त्यानं दोन्ही लाडू खाल्ले. मेथीचा लाडू घाईनं खाल्ला तर कडू लागतो आणि त्यानं तो घाईनंच खाल्ला.

दुसऱ्या सत्राच्या शेवटी भैरवी आली. ती येणारच होती, मैफल भैरवीनंच आटोपायची रीत आहे. पण भैरवीत बांधलेली ठुमरी आणि तिच्यात परदेशी गेलेला सजण म्हटल्यावर काय व्हायचं ते झालं. दुसऱ्या ओळीपाशी भुसावळकर उठून बाहेर गेला. वाटेकडची खुर्ची कामाला आली. आम्ही कोणी मागं धावलो नाही. दहाएक मिनिटांनी धुळेकर "गाडी कोणी अडवली का बघतो" म्हणून उठला. दोघं परत आले ते थेट टाळ्यांच्या वेळी.

अशा वेळी काय करावं याचं आमचं मत ठाम आहे. माणूस बाहेर गेला की लगेच पाठीवर हात ठेवायला जाऊ नये. थोडा वेळ द्यावा, मग काहीतरी कामाचं निमित्त काढून एकानंच जावं आणि तिच्याबद्दल नाही, गाडीबद्दल, जेवणाबद्दल किंवा तबल्याबद्दल बोलावं. तो बोलला तर ऐकावं. सगळ्यांनी मिळून गेलं की त्याची विचारपूस होत नाही, पंचायत बसते.

जेवण उशिरा, गावाबाहेरच्या एका ढाब्यावर. शेवभाजी मागवताना एक सांगून ठेवायचं, शेव वेगळी आणा. भाजीची शेव जाड आणि तिखट असते, काळ्या मसाल्याच्या उकळत्या रश्श्यात ती पानात वाढतानाच घालायची. स्वयंपाकघरातून घालून आणली तर टेबलापर्यंत येईतो तिचा लगदा होतो. बारीक शेव तर पहिल्या घासालाच विरघळते. तर्री जपून घ्यावी, विशेषतः उद्या सकाळी लवकर निघायचं असेल तर.

शनिवार: असोदा

लवकर कोणी उठलं नाही. तर्रीचा परिणाम.

जळगावपासून असोदा पाच-सहा किलोमीटर. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर, आणि खवय्यांच्या लेखी भरिताच्या वांग्यांचं गाव. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे वांगं मोठं, फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेषा, गर भरपूर आणि बिया कमी. निवडताना हातात तोलून बघायचं. दिसायला मोठं आणि वजनाला हलकं असेल ते घ्यायचं, जड वांग्यात बिया निघतात. देठ हिरवा आणि ताठ हवा. बारीकसं भोक दिसलं तर ते वांगं बाजूला ठेवायचं, आत अळी असते आणि ती भाजल्यावर कळून उपयोग नाही.

धुळेकराच्या ओळखीच्या एका शेतावर दुपारचा बेत होता. घरातली आजी, तिचा मुलगा आणि आम्ही चौघं. वांगी भाजायचं काम मुद्दाम भुसावळकराकडे दिलं. त्याला कारण आहे. कांदे चिरायला दिलं तर हात चालतात आणि डोकं मोकळं राहतं. भाजणीत डोकंही अडकतं.

सहा जणांना तीन किलो वांगी घेतली. खाली तुरकाठ्यांचा थर, वर वांगी, त्यावर पुन्हा विरळ काठ्या. तुरकाठी भर्रकन पेटते आणि तशीच विझते, म्हणून कोणीतरी समोर बसून सारख्या काठ्या सारायच्या असतात. नुसत्या तुरकाठ्यांवर भागत नसेल तर तळाला कपाशीच्या पऱ्हाट्या टाकाव्यात, त्यांचा निखारा टिकतो. सगळी चूक होते ती जाळ मोठा ठेवण्यात. साल काळी ठिक्कर पडते, बघणाऱ्याला वाटतं झालं, आणि आत देठाजवळ वांगं कच्चं राहतं. मग ठेचताना त्याचे दोरे निघतात आणि भरीत दाताखाली रबरासारखं लागतं. परीक्षा देठापाशी घ्यायची. काडी टोचली आणि ती अडखळल्याशिवाय आत गेली तर उतरवायचं. दर दोन-तीन मिनिटांनी कूस बदलायची. भुसावळकराचे डोळे धुरानं लाल झाले होते, नाक वाहत होतं आणि तो कोणाला जवळ येऊ देत नव्हता. "सरका, तुमच्यामुळे वारा अडतो."

भाजलेली वांगी सोलताना पाण्यात बुडवायची नाहीत. पाणी लागलं की धुराचा वास गेला आणि भरीत पातळ झालं. बोटं पोळतात, म्हणून वाटीत पाणी घेऊन फक्त बोटांची टोकं ओली करायची. मग लाकडी बडजी. लांबट, नावेच्या घाटाची असते. आधी तीत भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचायचं, नंतर वांगी. तीन किलोंना मिरच्या दीडशे ग्रॅम, लसणाचे दोन मोठे गड्डे. पाहुणे पुण्याचे असतील तर मिरच्या निम्म्या. मिक्सर वापरू नये, गराची चटणी होते. कढईत तीन-चार पळ्या तेल, त्यात शेंगदाणे वाटीभर, सुक्या खोबऱ्याचे काप, दोन-तीन जुड्या कांद्याची पात. पात नुसती मऊ होऊ द्यायची, तांबूस नाही. मग ठेचलेलं वांगं, वरून कोथिंबीर. लाल तिखट नाही, गरम मसाला नाही, टोमॅटो तर नाहीच.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी चार भाग, सालासकट उडीद एक भाग आणि मीठ, एकत्र दळून. उडदामुळे पीठ चिकट होतं, नवख्याला ती थापताना चिरते कमी पण परातीला धरते जास्त. केळीच्या पानावर भरीत, भाकरी, कच्ची पात, मुळा. बोलणं बंद.

आजी भाकरी थापताना काहीतरी गुणगुणत होत्या. नाशिककरणीनं विचारलं, कानबाईचं गाणं म्हणाल का? आजींनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मान हलवली. कानबाई श्रावणात बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. तिची गाणी तेव्हा. आज म्हटली तर ती कोणाच्या घरी येऊन बसायची? हा नकार इतका रोखठोक होता की कोणी आग्रह केला नाही. लोकगीतं ऐकायला खान्देशात यायचं असेल तर हे लक्षात ठेवा, इथली गाणी मागणीवर मिळत नाहीत. त्यांना तिथी असते. ओव्यांना मात्र आजींची हरकत नव्हती. जातं घरी कोपऱ्यात पडलंय, पिठाची गिरणी गावात आहे, पण ओवीला परातीवरच्या थापेची लय पुरली. भाऊ, माहेर, वाटेवरची बाभूळ. नवऱ्याबद्दल तक्रारी भरपूर आणि त्यातली एक इतकी अचूक की त्यांच्या मुलानं मान खाली घातली.

जेवणानंतर भुसावळकरानं आजींना विचारलं, एवढ्या ओव्या लिहून ठेवल्यात का कुठे? "कशाला?" आजी म्हणाल्या. "हात चालू झाले की येतात."

संध्याकाळी पुन्हा नाट्यगृह. त्या दिवशी सरोद होता. थोडक्यात सांगण्याजोगं एवढंच, की मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला घेऊन जायचं असेल तर वाद्यवादनाची सभा निवडावी. शब्द नसतात, त्यामुळे कोणाचा चेहरा शब्दांना चिकटत नाही. आलाप आणि जोड (आलापानंतरचा लयीतला भाग) पाऊण तास चालला, भुसावळकर डोळे मिटून बसला होता. झाल्यावर विचारलं तर म्हणाला, "तिसऱ्या तारेत थोडी खरखर होती." म्हणजे ऐकत होता. काकू लांबून हसल्या, लाडू मात्र त्या दिवशी धुळेकराला मिळाला.

रविवार: सारंगखेडा

महोत्सवाचा शेवटचा दिवस सोडून सारंगखेड्याला जायचं यावर शनिवारी रात्री वाद झाला. शेवटच्या दिवशी मोठा कलाकार असतो, हे खरं. पण आमचा हिशोब वेगळा होता. नाट्यगृहातली प्रत्येक पायरी त्या दोघांच्या ओळखीची. तमाशाला ती कधी आली नव्हती, तिला तो आवडायचा नाही. तीन दिवसांपैकी एक तरी असा हवा जिथं ती जोडी कधी गेलेलीच नाही. अशा सहलीचा बेत आखणाऱ्यांनी ही गोष्ट आधी विचारून घ्यावी, हॉटेल नंतर बघावं.

धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा असा रस्ता. तीन-साडेतीन तास धरा, पोटपूजा वेगळी. रेल्वेनं यायचं तर जळगाव-सुरत मार्गावर दोंडाईचाला उतरायचं आणि तिथून पुढं शहाद्याकडे जाणारी एसटी किंवा काळीपिवळी. दोंडाईचाला मिरचीचा मोठा बाजार आहे. हंगामात मोकळ्या मैदानांवर ओल्या लाल मिरच्यांच्या पथाऱ्या वाळत घातलेल्या असतात. वाऱ्याच्या खालच्या अंगाला गाडी थांबवून काच उघडू नका. नाशिककरणीनं उघडली. पुढचे पाच किलोमीटर गाडीत चौघंही शिंकत होते आणि भुसावळकर पहिल्यांदा मोकळेपणी हसला.

तापीवरचा पूल ओलांडला की घोडे दिसायला लागतात. सारंगखेडा घोड्यांच्या बाजारासाठीच देशभर ओळखलं जातं. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे नुकरे. विकत घ्यायचा नसला तरी बाजारातून फिरावं, फक्त घोड्याच्या मागून जाऊ नये आणि मालकाला विचारल्याशिवाय तोंडाला हात लावू नये. एका व्यापाऱ्यानं आम्हाला कौतुकानं बसवून घेतलं. "बठा भाऊ, चहा ल्या." घोड्याच्या कपाळावरच्या भोवऱ्यांवरून लाख-लाखाचा फरक कसा पडतो, हे त्यानं अर्धा तास समजावलं. आम्हाला सगळे भोवरे सारखेच दिसले.

आधी दत्ताचं दर्शन, मग वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी कुस्करून वरण ओतायचं आणि तूप बट्टीवर घ्यायचं, वरणावर नाही. वरणावर घेतलं तर ते तरंगतं आणि पहिल्या चार घासांत संपतं.

तमाशाचं तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. एक, बायकांना बसायची सोय कुठं आहे. यात्रेतल्या तंबूत गर्दी पुरुषांची असते. सोय असते, पण ती कडेला आणि आधी सांगितलं तरच मिळते. नाशिककरीण आणि आम्ही तिथंच बसलो. दुसरी, खेळ किती वाजेपर्यंत. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद ठेवायचा नियम आहे. ठरावीक दिवसांपुरती शासनाची बारापर्यंत सूट मिळू शकते, पण ती त्या दिवसाला आहे का हे तंबूवालाच सांगेल. सूट नसली की वग, म्हणजे तमाशातलं शेवटचं नाटक, कापतात आणि लोक चिडतात. बसायला सर्वांत चांगली जागा आवाजाच्या मिक्सरजवळ. तो माणूस जे ऐकतो त्यावरच सगळं जुळवत असतो. स्पीकरच्या भिंतीसमोर बसायचंच असेल तर कानात कापूस.

खेळ सुरू व्हायला वेळ होता, म्हणून तंबूच्या मागच्या बाजूला चक्कर मारली. तिथं हलगीवाला कागद आणि पाचोळा पेटवून हलगी शेकत बसला होता. नदीकाठचं गाव, जानेवारीची रात्र, हवेत दव. बकऱ्याचं कातडं दव पितं, सैल पडतं आणि हलगी भद भद बोलायला लागते. जाळावर धरून ती तापवायची, पण एका जागी धरायची नाही. वितभर उंचीवर गोल गोल फिरवत राहायचं, मध्ये मध्ये बोटानं टिचकी मारून बघायचं. आवाज टणक आला की बास. जास्त शेकली तर कातडं कडेला फाटतं आणि ऐन गणात, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेत, फाटलं तर दुसरी हलगी शेकलेली तयार हवी. म्हणून दोन जवळ ठेवतात. "फायबरची घेत नाही का? तिला शेकावं लागत नाही," भुसावळकरानं विचारलं. हलगीवाल्यानं टिचकी मारली, कान लावला. "तिला शेकावं लागत नाही, खरं. पण ती बोलतबी नाही." मग त्यानं पाचोळा सारायचं काम भुसावळकराला दिलं. कालच्या भाजणीचा अनुभव होताच.

पडदा उघडायच्या आधी ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी झाली. ढोलकीवाला चाटीवर बोल टाकायचा आणि हलगीवाला तोच बोल दोन काड्यांत पकडून दुप्पट करून परत द्यायचा. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात हलगीच्या कडेवर धरलेली बारीक काडी. दुगणीपर्यंत दोन्ही काड्या वेगळ्या ऐकू येतात, पुढं नुसती एक रेघ ऐकू येते. मागं सूर धरणारे झीलकरी आणि तुणतुणं. मग गण, मग गवळण.

गवळणीत मावशी आली. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची ती म्होरकी. पुरुषानं लुगडं नेसून करायची भूमिका, आणि तिचं अर्धं संभाषण प्रेक्षकांशीच. तिनं कपाळावर हात घेऊन तंबूत नजर फिरवली आणि ती थांबली मफलर गुंडाळून बसलेल्या भुसावळकरावर.

"आगं बया, त्यो बघा! मफलर गळ्याला न् नजर तळ्याला! गवळण रुसून गेली जणू!"

तंबू हसला. आमच्या पोटात गोळा आला. नाशिककरणीनं त्याची बाही धरली. भुसावळकर उभा राहिला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "गेली मावशी! मथुरेला दिसली तर दही स्वस्तात द्या म्हणा!"

मावशी क्षणभर गप्प. मग तिनं लुगड्याचा पदर खोचला, "घ्या! ह्यालाच घ्या रं फडात!" म्हणाली आणि हलगीवाल्यानं त्यावर तिहाई मारून सम गाठली. शिट्ट्या थांबेनात. पुढं बतावणीत सोंगाड्यानं दोनदा "मफलरवाले" म्हणून त्याला हाक दिली आणि दोन्ही वेळा याचं उत्तर तयार होतं.

त्यानं हलगीला पाचशे रुपये बक्षीस पाठवलं. हे पाठवताना नाव-गाव चिठ्ठीवर ठळक लिहावं, कारण माइकवरून पुकारणारा घाईत असतो. याचं गाव त्यानं भुसावळऐवजी भडगाव पुकारलं. चिठ्ठीवर गाण्याची फर्माईश लिहिता येते, ती त्यानं लिहिली नाही. विचारलं तर म्हणाला, "ते वाजवतील ते वाजवू दे."

वग सुरू होऊन तासभर झाल्यावर आम्हाला निघावं लागलं. भुसावळकराला दोंडाईचाहून गाडी होती. त्या बाजूला रात्रीच्या गाड्या मोजक्या आहेत आणि काही दोंडाईचाला थांबतच नाहीत, म्हणून परतीचं आरक्षण आधीच करून ठेवावं आणि यात्रेतून बाहेर पडायला पाऊण तास वेगळा धरावा. घोड्यांचे ट्रक निघायची वेळ तीच असते. रस्त्यात तो आपणहून तिच्याबद्दल बोलला, बरंच बोलला. तमाशा तिला का आवडायचा नाही, इथपासून. त्यातलं इथं लिहिण्यासारखं काही नाही.

फलाटावर धुळेकरानं हिशोब काढला. डिझेल, खोल्या, ढाबा, शेतावरचा शिधा, तंबूची तिकिटं, सगळ्याचे चार भाग. हलगीचे पाचशे त्यात धरायला तो तयार नव्हता.

"बक्षीस तुझं, नाव तुझं पुकारलं."

"नाव भडगावकराचं पुकारलं," भुसावळकर म्हणाला. "आणि हलगी तुम्ही फुकट ऐकली काय?"

नाशिककरणीनं सव्वाशे रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले. मग धुळेकरानंही काढले, कुरकुरत. गाडी वीस मिनिटं उशिरा होती, तेवढ्या वेळात पुढच्या दत्तजयंतीची तारीख बघून झाली.